स्टॉल स्पीडचा आश्विन

सोयाबीन निघायला लागलं की माळव्याच्या हवेला एक वास येतो. कोरडा, धुळकट, थोडासा भाजक्या चण्यांच्या जवळ जाणारा. थ्रेशरमधून उडालेला भुसा केसांत बसतो, दाताखाली येतो, दोरीवरच्या ओल्या साड्यांना चिकटतो, आणि तरी मला तो आवडतो. लोकांना श्रावण आवडतो, मला आश्विन. यात काव्यबिव्य काही नाही. श्रावणात देवासच्या आमच्या कॉलनीतली गटारं तुंबतात, आश्विनात तुंबत नाहीत.

परवा देवासहून धारला निघालो तेव्हा रस्त्याची एक कड पिवळी झाली होती. शेतकऱ्यांनी सोयाबीन डांबरावर वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले. गाडी मी चालवत होते. माझी गाडी लहानशी, हल्लीची, क्लच नसलेली. शेजारी श्रीकांत, माझा नवरा, त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक पायानं करकचून दाबत बसला होता. मी चालवत असले की तो कायम तसाच बसतो. घाम मात्र खरा येतो त्याला. मी खिडकी उघडली, तो वास आत आला, आणि मला नानांच्या मोटारीचा आवाज ऐकू आला. जागच्या जागी उभी राहून गरजणाऱ्या मोटारीचा.

नाना म्हणजे माझे वडील. धारच्या कोर्टात जन्मभर वकिली केली. आमच्या घराण्यातली माणसं कधीकाळी दरबारच्या चाकरीत होती, त्यामुळे नानांचं मराठी अजून तिथंच बसून आहे. ते गाडी म्हणत नाहीत, मोटार म्हणतात. आणि ती होतीही मोटारच. अमेरिकेत जन्मलेली, बोटीनं आलेली, कुणा सरदारांच्या दारात काही वर्षं उभी राहून मग आमच्या आजोबांकडे आलेली. फिकट हिरवी, गल्लीत वळवायची तर आधी गल्लीला सांगावं लागेल इतकी लांब. पुढची सीट सोफ्यासारखी अखंड. तिच्यावर माझी आई, माई, बाग गावच्या छापाच्या कापडाची खोळ घालते, लाल-काळ्या वेलबुट्टीची. माई उंचीनं इतकी कमी, की ती पुढे बसली तर मागच्याला सीटच्या पाठीवरून जेमतेम अंबाड्याचं टोक दिसतं, आणि जरा घसरून बसली तर तेही नाही. "माई आहे ना गाडीत?" असं विचारून निघायची आमच्याकडे पद्धत आहे.

या मोटारीला क्लच नव्हता. पायाशी दोनच खटके, एक चालवायला आणि एक थांबवायला. लहानपणी मला वाटायचं, बाकीच्या गाड्यांत तिसरा आहे म्हणजे त्यांच्यातच काहीतरी बिघाड असणार.

दसऱ्याचं सीमोल्लंघन आमच्याकडे मोटारीतून होतं. आजोबा आधी पायी जात. मोटार आल्यावर पायी जाणं त्यांना मोटारीचा अपमान वाटू लागला. तेव्हापासून झेंडूच्या माळा घातलेली ती हिरवी बोट मांडवगडच्या रस्त्याला लागते, गावाची हद्द ओलांडते, एका आपट्यापाशी थांबते, आणि मग घरी येऊन जेवायला दाल-बाफले. पण नियम एक. मोटार घरच्या कर्त्यानं स्वतः चालवायची. ड्रायव्हरनं ओलांडलेली सीमा ही ड्रायव्हरची, असं नानांचं मत, आणि नानांच्या मतावर आमच्या घरात अपील नसतं.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमाराला नानांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, "नशीब," असं आम्ही म्हणालो आणि माई म्हणाली, "कुणाचं?" पण तिचा चेहरा तेव्हा पांढराफटक होता. मग हात आला बराचसा. पाय येईना. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, तिला नाना म्हणत, "बाई, मला पुन्हा बालवाडीत घातलंत तुम्ही." ती गेली की उरलेला व्यायाम ते मनातल्या मनात करत, म्हणजे करतच नसत. डावा पाय खुर्चीपुढच्या स्टुलावर, त्यात माईनं विणलेला निळा मोजा, आणि नाना त्या पायाकडे उलटलेल्या साक्षीदाराकडे बघावं तसे बघत बसलेले. पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा मी ते बघत होते. मला रडू यायचं. मी ते स्वयंपाकघरात जाऊन, कांदा चिरायचा असल्यासारखं, उरकून घ्यायची.

भाद्रपदात डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय उत्तम, नजर उत्तम. रिकाम्या रस्त्यावर, जवळच्या जवळ, शेजारी कुणीतरी असताना गाडी चालवायला हरकत नाही. क्लच नसलेली असेल तर." एवढ्या मोठ्या तपासणीतलं नानांनी एवढंच ऐकलं. त्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर दसरा दिसायला लागला.

आता मोटार हटून बसली. चालू झाली, इंजिनाचा आवाज छान, पण गिअरमध्ये टाकली की सासरी निघालेल्या मुलीसारखी पाय ओढायची. फाटकाबाहेरचा एवढासा चढ चढेना. एकदा वेग घेतला की मात्र बरी. कैलास मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं, हात पुसले.

"नानासाब, अपन सच्ची केते हैं. ये बक्सा अब कोई खोलता नी हे. इसमें डीजल इंजन डाल दो, चार गेर का बक्सा डाल दो, क्लच वाला. मक्खन चलेगी."

तो चुकीचं काही सांगत नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या मोटारींच्या पोटात आज दुसऱ्याच कुणाचं आतडं आहे, आणि त्या पळतात.

"और क्लच कौन दबाएगा, भिया?" नानांनी विचारलं.

कैलासची नजर निळ्या मोज्यावर गेली आणि तिथंच थांबली. "डिरायवर रख लो ना, नानासाब," तो हळूच म्हणाला. नाना त्या दुपारी जेवले नाहीत. मोटारीला क्लच बसला की ती त्यांची राहणार नव्हती, हे घरात सगळ्यांना कळलं होतं.

इथं श्रीकांतला आणायला हवं. तो मूळचा सांगलीचा, कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आला आणि तिथलाच झाला. माती उपसणारे मोठे लोडर दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी सरली. नाना त्याची ओळख करून देताना "आमचे जावई, कारखान्याचे" एवढंच सांगत, त्यामुळे धारमध्ये निम्म्या लोकांना तो कारखानदार वाटतो. त्याला जावईबापू म्हणत, त्याच्या ताटाभोवती आम्हाला रांगोळी काढायला लावत, पण मोटारीच्या बॉनेटला हात लावू देत नसत. "लोडर नव्हे हा," म्हणत. माईसमोर मी त्याला अहो म्हणते. तर हे आमचे अहो त्या दिवशी म्हणाले, "नाना, काही बदलायच्या आधी स्टॉल टेस्ट घेऊन बघू या."

नानांनी सवयीनं हरकत घेतली. "म्हणजे काय ते आधी सांगा."

श्रीकांतनं दोन टेबलफॅन आणले आणि समोरासमोर ठेवले. एक चालू केला. दुसऱ्याची वायर तशीच लोंबत होती, तरी त्याची पाती फिरू लागली. "तुमच्या मोटारीत हेच आहे. एक पंखा इंजिनाचा, एक चाकांचा, आणि मध्ये हवेऐवजी तेल. एकमेकांना हात न लावता ढकलतात. म्हणून क्लच नाही." मग तो म्हणाला, की दोघांच्या मध्ये तिसरा एक छोटा पंखा असतो. परत येणारं तेल इंजिनाला आडवं जाऊ नये म्हणून तो त्याला वळवून पुन्हा कामाला लावतो. सुरुवातीला त्यानं घट्ट उभं राहायचं असतं. तोच सैल पडला, तर इंजिनाची निम्मी ताकद भांडणात जाते.

नानांनी दोन पंख्यांमधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "तो मधला पंखा म्हणजे आमच्याकडे ही," ते माईकडे हनुवटी करून म्हणाले. माई म्हणाली, "सैल पडून बघू का एकदा?"

टेस्ट सोपी होती. एका पायानं ब्रेक गच्च दाबायचा, गिअर टाकायचा, दुसऱ्या पायानं इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. गाडी हलत नाही, आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे एका आकड्याला जाऊन अडतात. तो स्टॉल स्पीड. पाच सेकंदांच्या वर ताणायचं नाही, तेल उकळतं. श्रीकांतच्या अंदाजानं नानांच्या मोटारीचा आकडा साडेसोळाशेच्या आसपास हवा. खूप वर गेला तर गिअरबॉक्स संपला, मग कैलास म्हणतो ते करावं लागणार. खूप खाली राहिला तर तो मधला पंखा गेला, आणि तो दुरुस्त होतो.

मला हे तेव्हा नुसतं यंत्रशास्त्र वाटलं होतं. आता वाटतं, ते वर्षच स्टॉल टेस्टचं होतं. सगळा जोर लावायचा आणि जागचं हलायचं नाही, आतल्या आत फक्त तापत राहायचं. नाना तेच करत होते त्या खुर्चीत. आम्ही सगळे तेच करत होतो. माझी मुलगी म्हणते, "आई, तू हर बात में ज्ञान मत दे." ती हिंदी शाळेत शिकली, तिला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणजे हे तिला मलाच वाचून दाखवावं लागणार. हा भाग गाळीन.

तर टेस्ट. माई म्हणाली, पितृपक्ष आहे, नवं काम काढू नका. नाना म्हणाले, "यात नवं काय आहे? मोटार जुनी, मी जुना." घराच्या मागच्या मोकळ्या जागेत मोटार नेली. पलीकडे भेरूकाकांचं शेत, आणि त्यांनी मोकळी जागा दिसली म्हणून सोयाबीनचा ढीग आमच्याच हद्दीत घातलेला. चाकांपुढे दगड लावले. श्रीकांतनं इंजिनाला एक मीटर जोडला, त्याची लांब वायर खिडकीतून आत घेतली, आणि मी मागच्या सीटवर मीटर मांडीवर घेऊन बसले. आकडा मोठ्यानं वाचायचं काम माझं.

अडचण पायांची आली. टेस्टला दोन पाय लागतात. श्रीकांत म्हणाला, "मी बसतो." नाना म्हणाले, "माझ्या जागेवर कुणी बसायचं नाही." मग दुसरा पाय कुणाचा? सगळ्यांनी माईकडे बघितलं. सीट अखंड असल्याचा असाही उपयोग. माई नानांना खेटून बसली. तिनं चपला काढल्या, ब्रेकला वाकून नमस्कार केला, कारण मोटारीला पाय लावायचा तर आधी माफी मागायला हवी, आणि मग उजवा पाय ठेवला. "यांना ब्रेक लावायचं काम मी लग्नापासून करतेय," ती म्हणाली. "आज पायानं, एवढंच."

नानांनी जोर दिला. मोटार गरजली. पत्रा थरथरला, कावळे उडाले, पितरांचे की नुसतेच कोण जाणे. मी मीटरकडे बघते तोच धाडकन धक्का बसला. मोटार दगडावरून टुणकन उडाली आणि भेरूकाकांच्या सोयाबीनच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली.

"माई!"

"ओरडत होती हो ती," माई रडवेली होऊन म्हणाली. "मुक्या जिवाला असं किती धरून ठेवायचं? मी सोडलं."

कुंपणाशी भेरूकाका उभे होते. ढिगाकडे, मोटारीकडे, नानांकडे बघत त्यांनी मळणीचीच चौकशी करावी तसं शांतपणे विचारलं, "थ्रेशर नी मिल्यो कंई, नानासाब?" आजारपणानंतर नाना मोठ्यानं हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. हसता हसता त्यांना ठसका लागला, माई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही हसत होती. ते सोयाबीन आम्ही सगळ्यांनी मिळून गोळा केलं. काही दाणे मोटारीच्या जाळीत अडकले ते अडकलेच.

दुसऱ्या वेळी जाड लाकडी ठोकळे लावले. माईनं डोळे मिटले, नानांची बाही धरली आणि ब्रेक काही सोडला नाही. "अकराशे!" मी ओरडले. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून तेल निवू दिलं. पुन्हा घेतली. पुन्हा अकराशेच्याच जवळ. माझं तोंड उतरलं. आम्ही मार्कांच्या जगात वाढलेली माणसं, कमी म्हणजे नापास. पण श्रीकांत बाहेर अक्षरशः नाचत होता. गिअर नसताना इंजिन मोकळं पळतंय, गिअर टाकल्यावर एवढं खाली अडतंय, म्हणजे इंजिन ठीक, गिअरबॉक्स ठीक, मधला पंखा तेवढा सैल!

नानांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मग म्हणाले, "जावईबापू, कॉफी घेणार?" आमच्या घरी कॉफी फक्त हायकोर्टाच्या वकिलांना मिळे. श्रीकांतला कॉफी आवडत नाही. त्यानं दोन कप घेतले.

ते तिन्ही पंखे पोटात असलेलं, कन्व्हर्टर नावाचं कोहळ्याएवढं जड लोखंडी भांडं बाहेर काढून, माईच्या जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही देवासला आणलं. वाटेत मी ते मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलं होतं, कुणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचार करत. औद्योगिक वसाहतीत श्रीकांतच्या ओळखीचं लेथ वर्कशॉप आहे. मालकानं चादर सोडून बघितलं आणि म्हणाला, "भिया, लोडर का तो अपन खोलते रेते हैं. ये तो उसका बच्चा हे." लेथवर शिवण कापली. आतल्या छोट्या पंख्याला एकाच दिशेला फिरू देणाऱ्या स्प्रिंगा तुटून पडल्या होत्या, रोलर झिजून गुळगुळीत. एवढंच.

एवढंच, पण नवरात्र लागलेलं. देवासात नवरात्र म्हणजे सगळे रस्ते देवीच्या टेकरीकडे. अनवाणी माणसांचे लोंढे, जागोजागी साबुदाण्याची खिचडी, आणि कुठल्याही कामाला "माता के बाद". रोलर इंदूरहून यायचे होते. वेल्डिंगवाला उपासाला होता. धारहून नानांचा फोन रोज सकाळी, "त्या भांड्याचं काय झालं?" मागून माईचा आवाज यायचा. "अगं, यांना समजाव काहीतरी. उठले की काठी टेकत त्या बिनजिवाच्या मोटारीत जाऊन बसतात, दार लावून घेतात. काय करता म्हणून विचारलं तर म्हणतात, विचार करतोय. घामाघूम होऊन येतात. विचारानं कधी कुणाला घाम आलाय?" मला काळजी वाटली. मन बिघडलं की काय, असं मी श्रीकांतला म्हणाले. तो म्हणाला, "बसू दे गं त्यांना."

अष्टमीला भांडं शिवून, तोलून तयार झालं. नवमीला ते मोटारीत बसलं. कैलास मिस्त्रीच मदतीला होता, आणि त्यानं त्याची मजुरी मोठ्या प्रेमानं नाकारून मग घेतली.

दसऱ्याला सकाळी मोटार अंगणात होती. झेंडूच्या माळा, आरशाला आपट्याची डहाळी, चाकांखाली लिंबं, लिंबांपुढे ठोकळे. श्रीकांतनं हट्ट धरला, रस्त्यावर काढायच्या आधी एकदा आकडा बघायचाच. मी पुन्हा मीटर मांडीवर घेऊन मागं बसले. नाना जरीची टोपी घालून स्टिअरिंगवर. श्रीकांत त्यांच्या खिडकीशी, हात आत घालून, बोटं किल्लीवर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तयार?" श्रीकांत म्हणाला.

मोटार गरजली. माळांच्या पाकळ्या बॉनेटवर गळू लागल्या, आरशावरची डहाळी थडथड हलू लागली. मी काट्यावरून नजर काढली नाही. अकराशे गेलं. तेराशे. पंधराशे. काटा चढला, चढला आणि साडेसोळाशेच्या जरासा पुढे जाऊन ठाम उभा राहिला. मोटार तसूभर हलली नाही.

"साडेसोळाशे!" मी किंचाळले. "झालं, झालं! माई, सोड आता ब्रेक!"

"मी काय सोडू?" माईचा आवाज उजवीकडून आला, बाहेरून. ती ओवाळणीचं ताट घेऊन ओट्याच्या पायरीवर उभी होती. "मी अजून बसलेच नाही."

मी उठून पुढच्या सीटवरून वाकले. बागच्या खोळीवर नानांच्या शेजारी कुणीच नव्हतं. खाली ब्रेकवर निळा मोजा होता. पाय थरथरत होता, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पण खाली होता, पुरता खाली दाबलेला. रोज सकाळचा तो विचार.

माई ताट घेऊनच पायरी उतरली आणि दाराशी वाकून तिनं ते बघितलं. श्रीकांतनं खिडकीतून हात काढला आणि तो पाठ वळवून चष्मा पुसत राहिला. मी मागं बसून मोठ्यानं रडत होते, आणि या वेळी कांदा वगैरे काही नव्हता.

नानांनी टोपी सारखी केली. "ठोकळे काढा, जावईबापू," ते म्हणाले. "आणि हिला आधी आत बसवा. हद्द एकट्यानं ओलांडायची माझी इच्छा नाही."